भेग मोजायची ती संध्याकाळी

मे अखेर

सह्याद्रीतल्या मोठ्या दरडींच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या. महाडजवळचं जुई, २००५ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. माळीण, ३० जुलै २०१४. तळीये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धात, आणि हा निव्वळ योगायोग नाही. जूनपासूनचं पाणी कड्याखालच्या माती-मुरमात जिरत राहतं, खालच्या कातळावर अडतं आणि कणांमधल्या फटी भरून टाकतं. त्यावर दोन दिवस सलग धोधो लागला की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते. म्हणून एका दिवसाचा पाऊस बघून काही कळत नाही. जूनच्या सुरुवातीचे १०० मिमी उतार सहज पचवतो. तेवढेच जुलैअखेर भारी पडू शकतात. वहीत रोजच्या आकड्याशेजारी मागच्या पंधरवड्याची बेरीजही हवी.

चढावर फिरून भेगा बघायच्या त्या आत्ताच, जमीन कोरडी असताना. उन्हानं पडलेल्या भेगा जाळीसारख्या असतात, वाटेल त्या दिशेला जातात आणि पहिल्या पावसांत मिटतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. उतार सरकल्याची भेग आडवी जाते, धनुष्यासारखी. तिची दोन्ही टोकं खालच्या अंगाला वळलेली असतात आणि खालची कड वरच्यापेक्षा बसलेली दिसते. पावसानं ती मिटत नाही, उलट रुंदावते.

अशा भेगेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून मीटरभर लांब, एकेक लोखंडी सळई ठोकायची. निदान ६० सेंमी आत जायला हवी, नाहीतर वरची भुसभुशीत मातीच हलते आणि आकडा फसवतो. डोक्यावर रंगाचा ठिपका, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत पोलादी टेप. कापडी टेप भिजली की तिची लांबी बदलते. भोवती काटेरी फांद्या टाकाव्यात. गुराचा एक धक्का बसला तरी सगळा हिशेब गेला.

आषाढ, संततधार

आजच्या घडीला भेग किती रुंद आहे, याला फारसा अर्थ नाही. ती किती वेगानं वाढते आहे, ते बघायचं. समजा पहिल्या दिवशी २ मिमी वाढली, दुसऱ्या दिवशी ३, तिसऱ्या दिवशी ६. या आकड्यांनी १ ला भागायचं: ०.५०, ०.३३, ०.१७. दर दिवशी साधारण ०.१७ नं उतरतंय, म्हणजे चौथ्या दिवशी शून्य. शून्य म्हणजे वेग हाताबाहेर गेला, दरड सुटली. ही रीत जपानी अभियंत्यांनी रुळवलेली, पण तिला चौकटीची वही पुरते. तिच्यावर पूर्ण विसंबू मात्र नये. काही उतार शेवटच्या तासांतच वेग घेतात, तेव्हा शून्याची वाट बघत बसायचं नसतं.

बाकीच्या खुणांत फसगत फार. दार घासतंय? आषाढात लाकूड फुगून सगळीकडेच घासतं. चौकटीचे दोन्ही कर्ण मे महिन्यात मोजून ठेवलेले असले तर फरक कळतो: लाकूड फुगलं तरी कर्ण जवळपास तेवढेच राहतात, पाया सरकला की एक लांबतो, दुसरा आखडतो. झाडाचं तसंच. बुंध्याशी वाकून पुढे सरळ वाढलेलं झाड वर्षानुवर्षांची संथ सरक सांगतं. सरळसोट खोड तसंच्या तसं कललेलं दिसलं, तर हालचाल ताजी आहे.

पाण्याच्या खुणांना मी सर्वांत जास्त मान देतो. नेहमी नितळ असणारा झरा गढूळ झाला, कोरड्या जागी नवा पाझर फुटला, तर वर काहीतरी हललंय. आणि पाऊस कोसळत असताना ओढ्याचं पाणी अचानक ओसरलं, तर मोजमाप वगैरे काही नाही, लगेच निघायचं. वर मातीनं पाणी अडवलेलं असतं, आणि तो बांध टिकत नाही.

त्याच आठवड्यात, संध्याकाळ

इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री, आणि धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती. त्यामुळे यादीत आपलं नाव नाही, यावर निश्चिंत होण्यात अर्थ नाही. अंधारात भेग दिसत नाही, झऱ्याचा रंग दिसत नाही, पावसाच्या आवाजात दगड घरंगळल्याचं ऐकू येत नाही. म्हणून शेवटचं मोजमाप दिवे लागायच्या आधी, आणि निर्णयही तेव्हाच. वाढ कालच्या दुप्पट आणि पाऊस चालू, एवढं दिसलं तरी रात्र दुसरीकडे काढावी. कदाचित काहीच होणार नाही आणि लोक हसतील. हसू द्यावं.

निघताना ओढ्याच्या काठानं खाली उतरू नये. राडारोडा त्याच वाटेनं येतो. आडवं चालत शेजारच्या सोंडेवर जायचं. पाऊस उघडला म्हणून त्याच दुपारी परतायचंही नाही. आत मुरलेलं पाणी निचरायला दिवस लागतात, तोवर उतार हलू शकतो. ठिपक्यांमधलं अंतर सलग काही दिवस एकाच आकड्यावर थांबलं, आणि कुणा जाणत्यानं उतार पाहिला, की मगच घरं उघडायची.