अगं, पाऊस स्पीकरमधला आहे

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी हेडफोन काही सापडेना म्हणून स्पीकरवरच लावला, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम, बँडच्याच नावाचा. पहिलं गाणंही त्याच नावाचं, सुरुवातीला नुसता पाऊस, गडगडाट आणि लांब कुठेतरी घंटा. आई आतून ओरडली, "अरे गच्चीतले कपडे काढ, पाऊस आला!" बाहेर ऊन रणरणतंय. तिला म्हटलं अगं हा पाऊस १९७० चा आहे, तर म्हणे "मग बंद कर तो."

पण ऐकत बसली थोडा वेळ. घंटेनंतर गिटार येते ना, तीनच सूर, सा, वरचा सा, आणि मग तीव्र म. यमनमध्ये हाच म किती गोड लागतो आणि इथे तो थरथरत लटकून राहतो, अंगावर काटा येतो यार. शेकडो वेळा ऐकलाय तरी.

१६ ऑक्टोबर १९६९, एका दिवसात रेकॉर्ड केला सगळा, पाऊस-बिऊस नंतर मिक्सिंगला टाकला. बर्मिंगहॅमची चार कामगार घरातली पोरं, गायक ऑझी तर कत्तलखान्यात काम करून आलेला. समीक्षकांनी धुतलं अल्बमला, लोकांनी मात्र ब्रिटनमध्ये आठव्या नंबरपर्यंत नेला, आणि आज मेटलचे संथ, जड प्रकार, डूम म्हणा, स्लज म्हणा, सगळे फिरून फिरून त्या तीन सुरांपाशीच येतात. मेटल नक्की कोणी सुरू केलं यावर लोक भांडतात, भांडू देत, माझ्यासाठी ते इथेच सुरू होतं.

मग आईला बँडच्या गिटारवाल्याच्या, टोनी आयोमीच्या बोटांचं सांगितलं. सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यातला शेवटचा दिवस, मशीनवरचा माणूस आला नाही म्हणून याला बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो! तर पठ्ठ्याने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या, आणि पुढे तिसऱ्या अल्बमला तर गिटार ट्यूनच खाली केली, तारा सैल पडाव्यात म्हणून. आता जगभरातले मेटलवाले दहाही बोटं धड असून गिटार खाली ट्यून करतात, आवाज जड येतो म्हणून.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क स्टेडियममध्ये बँडचा शेवटचा शो झाला, चौघं ओरिजिनल, ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि २२ तारखेला गेलाच. त्या रात्री हे पावसाचं गाणं मात्र वाजवलं नाही, मला अजून चुटपुट आहे.

आईचं लक्ष भलतीकडेच. कारण मी बोलता बोलता हेही सांगितलं होतं, की बोटं गेली त्या दिवशी जेवायला घरी आल्यावर टोनी परत कारखान्यात जायला तयार नव्हता, त्याच्या आईनेच पाठवलं, काम नीट पूर्ण करून ये म्हणून.

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई गं, तिने किती वर्षं मनाला लावून घेतलं असेल."

एवढी वर्षं ऐकतोय मी हे, माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.