तुम्ही विचारलंत म्हणून : अनुदान मागायचे ते नेमके कोणासाठी?

विद्यापीठातल्या शिक्षणासाठी किंवा कलेच्या एखाद्या प्रकल्पासाठी अनुदान कुठून मिळते, हा प्रश्न महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असते. जून-जुलैत प्रवेशाच्या धामधुमीत पालक विचारतात, आमच्या विद्यापीठाचा युवारंग महोत्सव आटोपला की एकांकिका बसवणारी मुले विचारतात, आणि अधूनमधून एखादे निवृत्त गुरुजी अहिराणी गाण्यांनी भरलेल्या वह्या पिशवीत घालून येतात आणि ‘सर, याचं काही करता येईल का?’ म्हणून बसतात. सगळ्यांना योजनांची यादी हवी असते. यादी देणे अवघड नाही. परंतु यादी घेऊन गेलेली बरीचशी माणसे काही महिन्यांनी तशीच परत येतात, आणि त्याचे कारण योजना अपुऱ्या आहेत हे क्वचितच असते. पैसा शिकणाऱ्या माणसाला हवा आहे, हातातल्या कामाला हवा आहे की संस्थेला हवा आहे, हे ठरवण्याआधीच त्यांनी अर्ज भरलेला असतो. या तिन्हींसाठी पैसा देणारे वेगळे, त्यांच्या अटी वेगळ्या आणि नकाराची कारणेही वेगळी असतात. नोंदणीच नसलेल्या नाट्यगटाने नोंदणीकृत संस्थांसाठीच्या योजनेत अर्ज केला, तर नाटक कितीही चांगले असले तरी तो अर्ज वाचलासुद्धा जात नाही.

शिक्षणाचे आधी सांगतो, कारण तिथे वाट बऱ्यापैकी मळलेली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या एकाच पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या सगळ्या तिथेच आहेत. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन मग माफीची चौकशी करणारे पालक दरवर्षी भेटतात आणि तोवर हातातून वेळ गेलेली असते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आणखी एक गोष्ट घरी समजावून सांगावी लागते. केंद्राचा हिस्सा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के असा हा पैसा असून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातला शुल्काचा भाग विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायचा असतो. खात्यावर रक्कम दिसली की घरात ती कापसाच्या बियाण्याला किंवा बहिणीच्या लग्नाला लागते, आणि परीक्षेच्या तोंडावर महाविद्यालय थकबाकी मागते. यात कोणाची लबाडी नसते, पण गुणपत्रक मात्र अडकते. आणि रक्कम येण्यासाठी बँक खाते आधारशी जोडलेले असणे पुरेसे नाही, तर शासनाचा पैसा स्वीकारण्यासाठी तेच खाते निश्चित झालेले असावे लागते. दोन बँकांत दोन खाती असतील, तर पैसा कोणत्या खात्यावर पडेल हे आधी बँकेत जाऊन विचारावे.

नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या हद्दीतल्या मुलांना मी नेहमी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेची आठवण देतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाचा खर्च भागवण्यासाठी या योजनेतून रक्कम मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची स्वाधार योजना आहे, आणि इतर मागास, भटक्या व विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वयम् आणि स्वाधारची रक्कम ठरली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणासाठी 43,000 रुपये अशी होती. ज्या घरात उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परतल्यावर मुलाच्या खोलीचे भाडे उभे करावे लागते, तिथे शुल्कमाफीपेक्षा हा पैसा अधिक मोलाचा ठरतो, असे माझे मत आहे. शुल्क माफ असूनही दुसऱ्या सत्रात गावी परतलेली मुले मी पाहिली आहेत.

संशोधनाचे थोडक्यात सांगतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिन्याला 37,000 रुपये मिळतात. ती न मिळालेल्यांनी आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (इतर मागास, भटके-विमुक्त) या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी.साठीच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

आता कलेकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. कलावंताला वाटते की आपल्या कलेला कोणीतरी पैसा द्यावा. देणारा मात्र विचारतो की या पैशातून नेमके काय होणार आहे, किती काळात होणार आहे आणि झाले हे कशावरून समजायचे. व्यक्तीला मिळणाऱ्या शासकीय मदतीत केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या दोन योजना सर्वांत उपयोगी आहेत. संगीत, नृत्य, नाट्य, दृश्यकला आणि लोककला शिकणाऱ्या 18 ते 25 वयाच्या तरुणांना महिन्याला 5,000 रुपयांप्रमाणे दोन वर्षे शिष्यवृत्ती मिळते. ती गुरूकडे प्रत्यक्ष शिकण्यासाठी असते. त्यापुढे 25 ते 40 वयोगटासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिन्याला 10,000 रुपयांची आणि चाळिशीपुढच्यांसाठी वरिष्ठ अधिछात्रवृत्ती 20,000 रुपयांची असून दोन्ही दोन वर्षांच्या असतात आणि पैसा सहामाही हप्त्यांनी, अहवाल पाहून मिळतो. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र या संस्थेमार्फत हे काम चालते. जाहिरातीत छापलेले वर्ष आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले वर्ष एकच असेल असे मात्र समजू नये. निकालाला लागणारा वेळ धरूनच कामाचे वेळापत्रक आखावे.

हे वेळापत्रक किती महत्त्वाचे असते, ते एका उदाहरणाने सांगतो. कानबाई या आमच्या खानदेशी देवीची गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा संग्रह करावा, अशी इच्छा असलेली माझी एक माजी विद्यार्थिनी प्रस्ताव घेऊन आली होती. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या रात्री बाया जागरण करून अहिराणीत गाणी म्हणतात आणि सोमवारी विसर्जन होते. म्हणजे ध्वनिमुद्रण करायला वर्षात एकच रात्र मिळते. अनुदानाची मंजुरी भाद्रपदात आली, तर पुढच्या श्रावणापर्यंत हातात पैसा असूनही काम नाही आणि सहामाही अहवालात लिहायला मजकूर नाही. म्हणून आम्ही प्रस्तावात स्पष्ट लिहिले की, मंजुरी श्रावणानंतर आल्यास पहिले सहा महिने जुन्या गायिकांच्या मुलाखती, घराघरांत असलेल्या गाण्यांच्या वह्यांच्या प्रती काढणे आणि शब्दसंग्रह तयार करणे यांत जातील, आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्या सहामाहीत होईल. देवीचा दिवस कार्यालयाच्या तारखेप्रमाणे सरकत नाही, हे दिल्लीत बसलेल्या परीक्षकाला कळण्याचे कारण नाही. ते आपणच लिहायचे असते.

तिच्या अंदाजपत्रकात पहिल्या खर्ड्यात ‘प्रवास व इतर खर्च’ अशी एकच ओळ होती आणि तिच्यासमोर एक गोल आकडा. असा गोल आकडा पाहिला की परीक्षक पहिल्यांदा त्यालाच कात्री लावतो. आम्ही ती ओळ फोडली. पारोळा आणि एरंडोल तालुक्यांतल्या गावांना एसटीने जाता येते, पण रात्री जागरणानंतर परतायला गाडी नसते, म्हणून त्या रात्रीपुरते जीपचे भाडे वेगळे. चांगले ध्वनिमुद्रण यंत्र आणि दोन मायक्रोफोन विकत न घेता भाड्याने. अहिराणी गाणे ऐकून देवनागरीत उतरवणाऱ्याचे तासावर मानधन. मराठी अर्थ लिहिण्याचे काम. आणि ध्वनिमुद्रित फिती दोन ठिकाणी जतन करण्याचा खर्च. एवढे सगळे लिहून झाल्यावर लक्षात आले की गाणाऱ्या बायांच्या नावावर एक रुपयाही नाही. लोककलेच्या प्रस्तावांत हे इतके सर्रास घडते की आता कोणताही प्रस्ताव हातात आला की मी आधी तीच ओळ शोधतो. ज्यांची गाणी आहेत त्यांना मानधन, आणि त्यांची संमती कशी घेणार याचे चार ओळींचे निवेदन, या दोन गोष्टींनी प्रस्तावाला जे वजन येते ते ‘लोप पावत चाललेला सांस्कृतिक ठेवा’ अशा शब्दांनी येत नाही. ते शब्द प्रत्येक अर्जात असतात.

इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून अर्जच न करणारेही पुष्कळ आहेत. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही 1993 साली स्थापन झालेली आणि 1995 पासून अनुदाने देणारी संस्था कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव स्वीकारते, आणि व्यक्तीलाही कलासंशोधनासाठी किंवा कलानिर्मितीसाठी अर्ज करता येतो. तिथे पदवीपेक्षा प्रश्न पाहिला जातो : हे काम मी का करतो आहे, आजवर कोणी काय केले आहे आणि माझ्या कामाने त्यात काय भर पडेल. लेखकांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचे पुस्तक अद्याप आलेले नाही, अशाच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला तिच्यातून साहाय्य मिळते. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या कवीने पदरचे पैसे घालून संग्रह छापण्याआधी ही जाहिरात पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

संस्थेसाठी पैसा मागायचा असेल तर आधी कागद. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, लेखापरीक्षण झालेले किमान तीन वर्षांचे ताळेबंद, पॅन, एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि आयकराच्या 12-ए व 80-जी या नोंदण्या, एवढे हाताशी नसेल तर केंद्राच्या सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदानासारख्या योजनेचा विचार पुढे ढकलावा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे तसेच आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा अधिक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे तसेच कला, संस्कृती आणि पारंपरिक कलाही आहेत. परंतु 1 एप्रिल 2021 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 ही नोंदणी नसलेल्या संस्थेला कंपनी हा निधी देऊ शकत नाही. नोंदणी नसलेल्या चार-सहा मित्रांच्या गटाने मग काय करावे? एखाद्या जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेला किंवा महाविद्यालयाला बरोबर घ्यावे आणि पैसा कोणाच्या सहीने खर्च होईल हे आधीच लेखी ठरवावे. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरून बिघडलेली मैत्री मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे.

खानदेशात खासगी दातृत्वाची परंपरा नवी नाही. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या पैशातून 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि देशभरातून तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तिथे येऊन राहू लागले. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते याच मंदिरात. गिरणीचा मालक तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या निर्वाहाची सोय करतो, ही गोष्ट आज कोणत्याही प्रपत्रात बसणार नाही. आजही जळगावच्या सराफ बाजारात, डाळ उद्योगात, रावेर-यावलच्या केळी व्यापारात आणि निरनिराळ्या समाजांच्या शिक्षण निधींत देणारे हात आहेत. मात्र त्यांच्याकडे शासकीय नमुन्यातला वीस पानी प्रस्ताव घेऊन जाऊ नये. एका पानावर काम लिहावे, आणि रोख रकमेऐवजी वस्तू मागावी : तालमीसाठी सभागृह, छपाईचा कागद, एका विद्यार्थिनीचे वर्षभराचे खोलीभाडे. वस्तू मागणाऱ्यावर व्यापारी माणूस लवकर विश्वास ठेवतो, आणि पुढच्या वर्षी आपणहून विचारतो.

मंत्रालयात ओळख आहे, मंजुरी आणून देतो, दहा टक्के द्या, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

राहता राहिला हिशेब. केंद्र शासनाच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए या नमुन्यात द्यावे लागते, त्यावर संस्थेच्या आणि बहुधा सनदी लेखापालाच्याही सह्या लागतात, आणि ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. म्हणून जीपवाल्याची पावती त्याच रात्री घ्यावी, गाणाऱ्या बायांच्या मानधनाच्या पत्रकावर सही किंवा अंगठा आणि साक्षीदाराचे नाव त्याच बैठकीत घ्यावे, अनुदानासाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे, आणि एका बाबीचा पैसा दुसऱ्या बाबीवर खर्च करायची वेळ आली तर खर्च करण्यापूर्वी देणाऱ्याची लेखी परवानगी मागावी. बहुतेक वेळा ती मिळते, पण खर्च झाल्यानंतर मागितली तर सहसा मिळत नाही.