आमची वाटचाल : एक भट्टी, एक फरशी आणि जर्मनीचा ट्रक

दुकानाला पन्नास वर्षं उलटली, तेव्हा पोरगा म्हणाला, "पप्पा, आपली वाटचाल लिहून काढा, दोन पानांत बसवा." ट्रकचा पाटा (गाडीचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगची पट्टी) बसवायला सांग, बसवतो. हे बसेल की नाही माहीत नाही.

अण्णांनी १९७४ साली नाशिकला द्वारकेजवळ, मुंबई-आग्रा रोडला लागून पत्र्याची शेड टाकली. भांडवल म्हणजे एक भट्टी, ऐरण, दोन घण, एक जॅक आणि मालेगावचे चाचा. चाचा चार आणे हिश्श्याचे भागीदार. कागद झालाच नाही. दर पाडव्याला अण्णा वही पुढे करायचे आणि चाचा ती न उघडताच वर कुंकवाचं बोट लावायचे.

चाचांकडे जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक होतं, तारेला बांधलेलं. पाटा भट्टीत लाल झाला की ते जवळ न्यायचे. चुंबक ओढेनासं झालं की आणखी थोडा ताव द्यायचा, मग कमान मारून तेलात. तेलातून काढलेला पाटा काचेसारखा ठिसूळ असतो, म्हणून परत हलका गरम करायचा आणि त्यावर बाभळीची काडी घासायची. काडीतून ठिणग्या निघाल्या की उतरवायचा. आज आमच्याकडे टेंपरेचर दाखवणारी भट्टी आहे. ती आकडा दाखवते, पण काडी अजून ठेवलेली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट.

जानेवारी १९९६. मी बी.कॉम. करून दुकानात नुकताच बसायला लागलो होतो. संध्याकाळी ओझरच्या बाजूने एक ट्रक आला, चालण्याच्या वेगाने. लांब नाकाची जुनी मर्सिडीज, मागे घरासारखा डबा, त्याला खिडक्या, खिडक्यांना पडदे. उजवीकडे इतका कललेला की अण्णा म्हणाले, "हा तर वारकऱ्यासारखा एका पायावर नाचत येतोय." आतून एक जर्मन नवरा-बायको उतरले. राहुड घाट उतरताना मागून मोठा आवाज झाला होता. वाटेत दोन ठिकाणी विचारलं, विदेशी गाडी बघून दोघांनी हात वर केले.

बॉनेटवर नकाशा पसरून त्याने मला रस्ता दाखवला. इस्तंबूलचा पूल ओलांडला की आशिया सुरू. मग अंकारा, एर्झुरूम, अरारातचा पांढरा डोंगर उजव्या... नाही, डाव्या हाताला. त्यापुढे बझारगानची सरहद्द, तबरीझ, तेहरान, इस्फहान, केरमान, बाम. पूर्वी हेच लोक मशहदवरून हेरात, कंदाहार, काबूल करून खैबरखिंडीतून उतरायचे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तो रस्ता बंद पडला. तेव्हापासून खालून यायचं. झाहेदान, मग ताफ्तानला पाकिस्तानात शिरायचं आणि क्वेट्टापर्यंत सहाशेच्या वर किलोमीटर बलुचिस्तानचं वाळवंट. डिझेल इराणात पाण्यापेक्षा स्वस्त म्हणून टाक्या भरून घेतलेल्या, त्यात पिण्याच्या पाण्याची तीनशे लिटरची टाकी. ती सगळी उजव्या अंगाला. रस्ता कसा होता, तर पन्हाळी पत्रा आडवा घातल्यासारखा. नोक कुंडीच्या अलीकडे मागचा उजवा मेन (सगळ्यात वरचा) पाटा गेला. अॅक्सल आणि चासीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घालून, साखळीने आवळून क्वेट्टा गाठलं. तिथल्या मिस्त्रीने एक पाटा घालून दिला. त्यावर मुलतान, लाहोर, वाघा, दिल्ली, आग्रा, इंदूर, धुळे झालं आणि राहुडला पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला.

चाचा खाली सरकले, टॉर्च मारला आणि तिथूनच ओरडले, "अरे, ये तो बेडफर्ड का पट्टा है!" तरुणपणी त्यांनी बेडफर्ड ट्रकवर काम केलं होतं. रुंदीला किंचित कमी, पण क्वेट्टाच्या माणसाने बाजूला पट्टी मारून तो असा बसवला होता की दोन हजारांहून जास्त किलोमीटर आला. चाचांनी तो पाटा पुसला, उलटसुलट केला आणि भंगारात टाकू दिला नाही. परतताना जर्मनने क्वेट्टाच्या मिस्त्रीला त्यांचा सलाम पोहोचवला, हे पुढे कळलं.

काम चार दिवस चाललं. डाव्या बाजूचा पाट्यांचा सेट सोडवून अण्णांनी तो शहाबादी फरशीवर आडवा ठेवला आणि खडूने त्याची कमान आखली. चाचांचं म्हणणं, उजवा डाव्यासारखा केला तर गाडी परत कलणार, कारण पाण्याची टाकी काही जागा सोडणार नाही. म्हणून उजव्याची रेघ दीड बोट वर. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हेल्परने दुकान झाडलं आणि फरशी पुसली. दोन्ही रेघा गेल्या. चाचा बोलले काहीच नाहीत. सेट परत सोडवला, परत आखला, आणि या वेळी छिन्नीने फरशीत कोरला. एक डावा, एक उजवा.

तो हेल्पर लक्षात ठेवा.

अण्णांनी २,२०० रुपये सांगितले. जर्मनला वाटलं डॉलर. रुपये कळल्यावर त्याने एकदम खुर्ची ओढून घेतली आणि चहा मागितला. जाताना आईने द्राक्षांची पेटी दिली. मग सगळ्यांचा ट्रकसमोर फोटो झाला. फोटोत मेन पाटा हातात धरून, छाती काढून मधोमध कोण उभं आहे? तोच हेल्पर. चाचा भट्टीकडे होते, फोटोत त्यांची नुसती पाठ आहे.

इथे एक सांगून ठेवतो, वाटचालीशी संबंध नसला तरी. पाटे आपोआप तुटत नाहीत. सेट अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले पडतात, मग सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, आणि सेंटर बोल्टचं भोक ही पाट्याची सगळ्यात नाजूक जागा. नवा सेट घातला की पाचशे किलोमीटरवर, भरल्या गाडीत, यू-बोल्ट परत आवळून घ्या. फुकट आवळून देतो, तरी शंभरातले दहासुद्धा येत नाहीत.

पुढची सहा-सात वर्षं काम होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००३ च्या सिंहस्थाला ते दोघं परत आले. या वेळी पाटे ठणठणीत, इंजिन धूर ओकत होतं. ते इंजिन मर्सिडीजचं ओएम ३५२. आता आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो : टाटांचा आणि मर्सिडीजवाल्यांचा करार १९५४ ते १९६९. आपलं टाटाचं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, सत्त्याण्णव मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी). ओएम ३५२ चा बोअरही ९७, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हीकडे १२८. सख्खे चुलतभाऊ. जर्मन बिचारा हेड गॅस्केट जर्मनीहून मागवायला निघाला होता. मी त्याला द्वारकेच्या दुकानात नेलं, टाटाचं गॅस्केट त्याच्या जुन्यावर ठेवून दाखवलं, भोकावर भोक. तो तिथेच हसायला लागला. (म्हणून डोळे झाकून घेऊ नका. सगळंच बसत नाही. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा.) डिझेल फवारणाऱ्या नोझलचं तर बोलायलाच नको. सातपूरला मायकोचा (आताच्या बॉशचा) नोझलचा कारखाना असलेल्या गावात नोझल तपासणारे हात गल्लीगल्लीत.

घाई होती ती कार्नेटची. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. प्रत्येक देशाला एक पान. आत येताना एक तुकडा कस्टमवाले फाडून घेतात, जाताना दुसरा. मुदतीत गाडी बाहेर गेल्याचा शिक्का पडला नाही तर सगळी ड्युटी हमी घेणाऱ्या क्लबावर, आणि क्लबाकडून मालकावर. याची सहा महिन्यांची मुदत संपायला नऊ दिवस, वाघा दीड हजाराहून जास्त किलोमीटर लांब, आणि शाही स्नानामुळे रस्ते बंद. सामान आम्ही सायकलवरून आणलं. दोन रात्री जागून गाडी सोडली. जाताना त्याने बामच्या मातीच्या किल्ल्याचे फोटो दाखवले, म्हणाला परतताना तिथे दोन दिवस थांबणार. थांबला की नाही विचारायचं राहिलं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला भूकंपात तो किल्ला आणि अख्खं गाव पडलं.

अण्णा २००६ मध्ये गेले, चाचा २००९ मध्ये. आणि मग आमचे दिवस फिरले.

हायवे सहापदरी करायचा, वरून उड्डाणपूल न्यायचा, असं ठरलं. रस्ता व्हावा, माझी तक्रार नाही. पण दुकानासमोर खड्डा, खड्ड्यासमोर पत्रे, पत्र्यांवर वळणाचा बाण, आणि बाण भलतीकडेच. भरलेला ट्रक आत वळवायला जागा नाही. आदल्याच वर्षी मी कर्ज काढून हायड्रॉलिक प्रेस घेतला होता, हप्ता १८,५००. दिवसाला आठ-नऊ गाड्या लागायच्या तिथे आठवड्याला तीन. २०१३ मध्ये पूल सुरू झाला आणि ट्रक अक्षरशः डोक्यावरून जायला लागले. खाली उभं राहून आवाजावरून मी सांगू शकायचो, कुणाचा पाट्याच्या शॅकलचा बुश गेलाय. सांगून उपयोग काय, तो वर आणि मी खाली.

आणि याच काळात आमचा तो हेल्पर आडगावला स्वतःचं दुकान काढून बसला. काढावं. आमच्या भट्टीवर भाता ओढून शिकलेली आणखी चार पोरं आज दुकानं चालवतात, सणाला पेढे आणतात. याने काय केलं? १९९६ चा फोटो मोठा करून फ्लेक्स लावला : "जर्मन गाड्यांचे स्पेशालिस्ट". आमची दोन पोरं फोडून नेली, ठीक. पण ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगत सुटला, "द्वारकेची भट्टी विझली, म्हातारे गेले, पोरगा विकायला काढतोय." माझे बारा वर्षांचे गिऱ्हाईक मला रस्त्यात भेटून सांत्वन करायला लागले!

फेब्रुवारी २०१३. पूल सुरू व्हायला काही महिने बाकी. मी रिकामा बसलोय. दुपारी रिक्षातून जर्मन उतरला, केस पांढरे, एकटा. म्हणाला, "फ्लोअर? फ्लोअर कुठे आहे?" मला आधी काही कळेना. मग कळलं. आग्र्याकडून येताना आडगावला त्याला फ्लेक्सवर स्वतःचाच फोटो दिसला, म्हणून ट्रक आत घेतला. या गृहस्थाने त्याला मिठीच मारली, सांगितलं की जुनं दुकान बंद, आता आम्हीच. सेट सोडवायला जॅकही लावला. जर्मन म्हणाला, "ठीक, पण फरशी दाखव. माझ्या गाडीचं माप फरशीवर आहे." हा म्हणे, कसली फरशी? दोन्ही बाजू सारख्या करून देतो. त्यावर जर्मनने जॅक काढायला लावला आणि रिक्षा केली.

मी गोणपाट बाजूला केलं, काथ्याने घासलं. दोन्ही रेघा होत्या. त्याने खाली बसून त्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ओल्ड मॅन?" मी मान हलवली.

त्याच्या एका गाडीने माझा हप्ता फिटला असता असं समजू नका. बिल झालं ९,०००. पण आडगावच्या दुकानात त्या वेळी तीन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या उभ्या होत्या. फ्लेक्सवरचा माणूस फ्लेक्सखालून गाडी काढून नेतोय हे त्यांच्या ड्रायव्हरांनी डोळ्यांनी पाहिलं. ड्रायव्हर ढाब्यावर काय बोलतात हे जाहिरातीने विकत मिळत नाही. महिन्याभरात त्यातले दोघं माझ्याकडे आले. त्यांच्या जोरावर मी पूल संपतो त्याच्या पुढे, विल्होळीकडे जागा घेतली. सामान हलवताना मजुराला पहिली उचलायला लावली ती फरशी. तिचा एक कोपरा उडाला, रेघा शाबूत आहेत.

फ्लेक्स अजून आहे. रंग उडालाय, चाचांची पाठ आता दिसत नाही. हेल्परच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली होती, मी गेलो, आहेर केला, जेवलो. फोटोचा विषय त्याने काढला नाही. मी काढायला हवा होता.

पुढे लॉकडाऊनमध्ये सरहद्दी बंद झाल्या, उघडल्या, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचं, म्हणजे वाघ्याच्या अलीकडचं, गेट परत बंद झालं. आता त्या रस्त्याने कोणी येत नाही. मधल्या वर्षांत फ्रेंच, डच, स्विस धरून वर्षाला चार-पाच गाड्या यायच्या, जर्मनने पत्ता दिलेल्या.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ट्रक एका तरुण पोराला विकला. त्या पोराने तिकडच्या गॅरेजला गाडी दाखवली, तर गॅरेजवाले म्हणतात मागचे पाटे डावे-उजवे वेगळे आहेत, कुणा अडाण्याचं काम दिसतंय, सारखे करून टाकू. मी आमच्या पोराला फरशीवर बसवलं, दोऱ्याने दोन्ही कमानी मोजायला लावल्या, आकडे आणि फोटो पाठवले. खाली लिहिलं : चूक नाही, मुद्दाम आहे. आधी पाण्याची टाकी कुठल्या बाजूला आहे ते बघा. आणि यू-बोल्ट पाचशे किलोमीटरवर परत आवळा.