झोपेच्या गोळीसाठी आलेला फोन

"डॉक्टर, परवा रात्री आई बाथरूमपाशी पडली. कपाळाला टाके पडलेत, सीटी स्कॅन नॉर्मल आहे. पण तिची झोपेची गोळी जरा वाढवून द्या, रात्र रात्र तळमळत असते." दवाखाना सुरू व्हायच्या आतच हा फोन आला.

वाढवायचं सोडाच, ती गोळीच काकूंना पाडणारी असावी असा मला दाट संशय आला. उतारवयात अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तोल जातो. रात्री लघवीला उठलेलं माणूस अर्धवट गुंगीत पडतं, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं आयुष्य बदलून जातं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 'बिअर्स' यादी तर 65 वर्षांवरच्यांना या गोळ्या शक्यतो देऊच नका असं सांगते. आपल्याकडे ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये येते. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. काकूंना मात्र ती शेजारणीच्या जुन्या चिठ्ठीवर मिळत होती. याची मला फार चीड येते.

दुपारी घरी गेले. नववा मजला, भाड्याचा फ्लॅट. काकूंची स्वतःची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडली आहे. हॉलचे पडदे ओढलेले, कारण खालच्या रस्त्याची धूळ आणि हॉर्न. टीव्हीसमोर एक खुर्ची, काकूंचा दिवस तिच्यातच जातो. जेवण झालं की दोन-अडीच तास डुलकी, रात्री नवाला गोळी, दोनला टक्क जाग. बीपीची पाण्याची गोळीही रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे लघवीला उठणं आलंच.

"पूर्वी झोप कशी होती, काकू?"

"पूर्वी? पाठ टेकली की सकाळ व्हायची."

"आणि दिवसभर काय करायचात?"

हा प्रश्न ऐकून काकू खुर्चीत सरळ झाल्या. जुन्या सोसायटीच्या आवारात एक जांभूळ होतं, त्याला लागून सिमेंटचा बाक. सकाळी दूध घ्यायला खाली उतरायच्या त्या तासाभराने वर यायच्या. भाजी निवडणं बाकावर, संध्याकाळी बायकांचं मंडळही बाकावर. "जांभळं पडायला लागली की पायाखाली नुसता चिखल व्हायचा, वॉचमन वैतागायचा," असं म्हणून टाके ताणेपर्यंत हसल्या.

माझ्या मोबाईलवर उजेड मोजायचं अ‍ॅप आहे. त्याचा आकडा अंदाजाचाच, पण फरक कळायला पुरेसा. खुर्चीपाशी शंभर लक्सही भरेनात. बसल्या आणि उभ्या स्थितीतलं बीपी तपासलं, उभं राहिल्यावर पडत नव्हतं. मग मुलाला बरोबर घेऊन काकूंना लिफ्टने खाली नेलं. फुटपाथवरच्या पर्जन्यवृक्षाखाली, अगदी सावलीत, तोच आकडा काही हजारांवर गेला. मुलगा मोबाईलकडे बघतच राहिला.

आपल्या मेंदूतलं झोपेचं घड्याळ दिवसाच्या उजेडावर लागतं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी तो उजेड टिपून मेंदूला दिवस-रात्र कळवतात. वयानुसार भिंग पिवळं पडतं आणि या पेशींना लागणारा निळसर उजेड आत कमी पोचतो. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यात हा पडद्याआडचा दिवस. बाहेर पडणं थांबलं तसं चालणं थांबलं, चार माणसांशी बोलणं थांबलं. मग रात्री शरीराला दमणूक कुठून येणार?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 45 वर्षांवरच्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. हिरवाई जास्त असलेल्या वस्त्यांत अपुरी झोप मिळणाऱ्यांचं प्रमाण त्यात कमी आढळलं. अमेरिकेतल्या 2015 च्या अभ्यासातही असाच संबंध दिसला, तो पुरुषांत आणि 65 च्या पुढच्यांत विशेष. अशा पाहण्यांवरून झाडांमुळेच झोप येते असं सिद्ध होत नाही, हे मी मुलालाही सांगितलं. पण काकूंचं जांभूळ गेलं आणि त्याच सुमारास झोपही गेली, ते मला योगायोग वाटत नाही.

बाग समोरच आहे. नकाशावर बघाल तर अगदी दोन-तीनशे मीटर. पण मधे चौपदरी रस्ता, उंच डिव्हायडर, जवळपास सिग्नल नाही. रस्त्याचा एक भाग ओलांडून काकू डिव्हायडरपाशी थांबल्या आणि माझा दंड घट्ट धरला. तिथूनच परत फिरलो. बागेचं फाटकही दुपारचं बंदच होतं. शहराच्या आराखड्यात हिरवा ठिपका दाखवला की काम झालं असं समजणाऱ्यांनी एकदा छाती धडधडत असलेल्या बाईबरोबर तो रस्ता ओलांडावा.

वर आल्यावर बेत ठरला. गोळी एकदम बंद करायची नाही, त्याने झोप आणखी उडते आणि इतरही त्रास होतात. मी लिहून देईन तसा डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा. पाण्याची गोळी सकाळी. दुपारची डुलकी अर्धा तास, गजर लावून. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ लगेच घ्यायची. आणि रोज सकाळी मुलाने ऑफिसला जाताना काकूंना बागेच्या फाटकाशी सोडायचं. परत आणायला खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आपणहून होकार दिला, ते तसेही जातातच.

आता महिने उलटलेत. गोळी सुटली आहे. काकूंना पहाटे चारला जाग येते, पण पूर्वीसारखं अंथरुणात कूस बदलत पडून राहावं लागत नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय. रस्त्यावर सिग्नल हवा म्हणून आम्ही दिलेल्या अर्जावर पोच मिळाली, उत्तर नाही.

नव्या इमारतीच्या नकाशात आवार राहिलेलं नाही, खाली सगळं पार्किंग आणि वर पोडियमवर कुंड्या. कंपाउंडलगत मोकळ्या मातीचा पट्टा आणि एक बाक ठेवावा, असं पत्र मी डॉक्टर म्हणून सोसायटीच्या कमिटीला दिलं आहे. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. ते पत्र काकू स्वतः वाचून दाखवणार आहेत.