केंबळाखालचं काळं गवत

मालकीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. "छप्पर गळतंय. सगळं उतरवा आणि नवं घाला."

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यातला पब. खाली दारू-जेवण, वर मुक्कामाच्या चार खोल्या, सरकारदरबारी संरक्षित. भिंती कॉबच्या, म्हणजे माती आणि गव्हाचं काड तुडवून थरावर थर चढवलेल्या, दोन फुटांहून जाड. वर गव्हाच्याच काडाचं केंबळ, म्हणजे शाकारलेलं छप्पर. पाहणी करून अहवाल देणं माझं काम.

बाहेरून रूप वाईटच होतं. उत्तरेकडचं पाखं शेवाळलेलं, आढं उसवलेलं, काड दाबून धरणारे हेझल नावाच्या झुडपाच्या फोकांचे आकडे उघडे पडलेले. पण आकडे दिसले म्हणजे वरचा थर झिजला, एवढंच. उतार 50 अंशांच्या आसपास असला की पाणी वरच्या वर निथळतं, आतलं काड कोरडं राहतं.

शिडी लावून माळ्यात शिरलो, बॅटरी मारली आणि दचकलोच. वासे, रिपा, काड, सगळं काळंकुळं. खालून आवाज आला, "आग लागली होती की काय कधी?" माझ्याही मनात तेच आलं. पण जळलेल्या लाकडाला भेगा पडतात, खवले सुटतात. इथे वासे धडधाकट, वर काजळीचं चकचकीत पुट. आमच्या कोकणातल्या घरी चुलीवरचे वासे असेच असायचे!

म्हणजे ही मूळची धुराड्याशिवायची वास्तू. छपरापर्यंत मोकळं एकच उंच दालन, मधोमध जमिनीवर जाळ, धुराने केंबळातूनच वाट काढायची. सोळाव्या-सतराव्या शतकात अशा घरांत धुराडी बांधली, मजले घातले, आणि काळा भाग माळ्यात बंद झाला. डेव्हनचे शाकारणारे सगळं छप्पर सहसा उतरवत नाहीत. कुजलेलं खरवडायचं, त्यावर नवा थर ठोकायचा. त्यामुळे तळाचा थर मध्ययुगापासून तिथेच राहिलेला.

एक ओंबी माझ्या बाहीवर पडली. कोळशासारखी काळी, पण कुसळं जागच्या जागी. काडीही चांगली लांब. आजचा गहू किती बुटका! असल्या थरांतून अभ्यासकांनी त्या काळचा गहू, राय नावाचं धान्य, शेतातली तणंसुद्धा ओळखली आहेत. आणि हे आम्ही कचऱ्याच्या गाडीत भरणार होतो.

मग गळती कुठली? थोडं पाणी धुराड्याच्या सांध्यातून येत होतं. खरं दुखणं भिंतीत होतं. कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत, असं तिकडचे जुने लोक म्हणतात. इथे टोपी फाटली नव्हती, अंगरखा चुकला होता. कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला जागाच नाही. वरच्या खोलीच्या कोपऱ्यात नखाने टोकरलं, तर माती लोण्यासारखी निघाली. अशी भिंत एक दिवस न सांगता बसते. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा, आढं नवं आणि सांध्याची दुरुस्ती, एवढंच मी लिहिलं.

खालच्या लाकडं जाळायच्या शेगडीचा मात्र बाईंना अभिमान. शेजारच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या पँडोरा इन या पबचं केंबळ मार्च 2011 मध्ये जळालं, त्याची आठवण दिली आणि धुराडं तपासेपर्यंत ती पेटवू नका म्हटलं. चेहरा पडला.

"आणि त्या काळ्या गवताचं करायचं काय?"

"काहीच नाही. माळ्याचं दार बंद ठेवा."

ओंबी परत वर ठेवून आलो. शर्ट मात्र वाया गेला.