फिल्टरला काच, नळाला चहा

मे महिन्याचा तिसरा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातला एक लघु प्रकल्प (छोट्या धरणाचा तलाव), त्यावर तीन गावांची नळयोजना. सकाळी साडेसहाला ऑपरेटरचा फोन आला: "भाऊ, फिल्टरचं पाणी काचेसारखं हाये, मंग नळाले चहा काऊन येऊन रायला?"

प्रश्न नेमका होता. पोचल्यावर फिल्टरनंतरच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि एकीत ब्लीचिंगच्या (म्हणजे क्लोरीनच्या) द्रावणाचे थेंब टाकले. दुपारपर्यंत ती तपकिरी झाली, दुसरी तशीच नितळ राहिली. म्हणजे विरघळलेलं मँगनीज. ते वाळूतून सरळ निसटतं आणि पुढे टाकीत, पाइपात क्लोरीनशी हळूहळू मिळून रंग धरतं. लोखंड असतं तर जलशुद्धीकरण केंद्रात पाणी जिथे हवेत उडवतात त्या कारंज्यावरच हवा लागून पिवळं पडलं असतं आणि फिल्टरमध्ये अडकलं असतं. मँगनीज नुसत्या हवेला दाद देत नाही. त्यासाठी पीएच 9 च्या वर लागतो, आपलं पाणी 8 च्या आसपास.

किटवर 0.6 मिलिग्रॅम प्रतिलिटर आलं. मानक 0.1 चं, दुसरा स्रोतच नसेल तर 0.3 पर्यंत चालवून घेतात.

तलावाच्या काठाला रोहू पोट वर करून पडले होते. पृष्ठभागावर विरघळलेला ऑक्सिजन 1.8 मिलिग्रॅम प्रतिलिटर. आदल्या दिवशी नोंदवहीत 7.1 होता, आणि 4 मीटरखाली शून्य. उन्हाळ्यात वरचं तापलेलं पाणी हलकं होऊन तरंगतं, तळाला हवा पोचत नाही. तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातलं मँगनीज, लोखंड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू पाण्यात उतरतात. हे सगळं तळात गप्प बसलेलं असतं, कोणी ढवळेपर्यंत.

ढवळलं होतं कंप्रेसरनं. तळाजवळच्या भोकांच्या पाइपातून हवा सोडून वरचं-खालचं पाणी मिसळायला तो बसवलेला. दुरुस्तीहून आला त्याच संध्याकाळी जोडला आणि रात्रभर पूर्ण चालवला. हेतू चांगला, वेळ चुकीची. शिवाय पाइप थेट गाळावर टाकलेला. हवेनं भरलेला 63 मिलिमीटरचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप वर यायला बघतो, दर मीटरला कोरडं चार किलो तरी काँक्रीट लागतं (पाण्यात त्यातलं 40 टक्के वजन जातं). मग पाइप तळापासून अर्धा-एक मीटर वर तरंगता आणि वजनांना दोरीनं बांधलेला ठेवायचा. इथे वजनं पाइपालाच आवळलेली, त्यामुळे भोकांतून गाळ उसळला. नॉन-रिटर्न व्हॉल्वही नव्हता. वीज गेली की पाणी उलटं कंप्रेसरमध्ये.

त्या दिवशी आधी कंप्रेसर बंद केला. उपसा थांबवून टाकी आणि पाइपलाइनच्या टोकाचे वॉश-आउट (घाण पाणी बाहेर सोडायचे व्हॉल्व) सोडले. फिल्टरआधीचं क्लोरीन बंद करून कारंज्यानंतर पोटॅशियम परमँगनेट सुरू केलं, म्हणजे मँगनीज आधीच घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकेल: दर मिलिग्रॅम मँगनीजला 1.92 मिलिग्रॅम. रोजचे 10 लाख लिटर, 0.6 चं मँगनीज, म्हणजे दिवसाला सव्वा किलोपेक्षा थोडं कमी. आकडा कागदावरचा, खरा डोस जार टेस्टनंच (भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून बघून) ठरवायचा. परमँगनेटची गुलाबी छटा फिल्टरपाशी पोचायच्या आत विरली पाहिजे, नाहीतर चहाऐवजी सरबत येतं.

तीन दिवसांनी तलाव निवळला, पृष्ठभागाचा ऑक्सिजन 5 वर गेला. पाइप वर उचलला आणि कंप्रेसर पुन्हा सुरू केला, पण पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, चार, आठ. तळाचं पाणी थोडंथोडं वर येतं आणि त्याची ऑक्सिजनची भूक वरच्या साठ्याला सोसते.

शुद्ध ऑक्सिजन का नाही, असं एकानं विचारलं. 7 मीटरच्या तलावात बुडबुडा अर्ध्या मिनिटात वर येतो, महागडा वायू बराचसा हवेत जातो. तो खोल धरणांना शोभतो. इथे 12 हेक्टरला मिनिटाला 1.1 घनमीटर हवा, म्हणजे 40 सीएफएमचा (मिनिटाला 40 घनफूट) तेलविरहित कंप्रेसर पुरतो. तेल असलेला पिण्याच्या पाण्याला लावूच नये. आणि कंप्रेसरपासूनचे पहिले काही मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप हवा. गरम हवेनं एचडीपीई मऊ पडतो.

पुढच्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमाराला, वर-खाली तापमानात एक अंशाचा फरक पडायच्या आत कंप्रेसर सुरू करायचं ठरलं. ऑपरेटरनं पॅनलच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवलंय: अर्धा, एक, दोन, चार, आठ.