पत्रादेवीला गाडी थांबवा

बांदा मागे पडलं की गोव्याला निघालेल्या गाड्यांत एकदम उत्साह संचारतो. गाण्यांचा आवाज वाढतो, कुठल्या बीचवर जायचं यावर वाद सुरू होतो आणि गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी कधी येऊन गेली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. या ऑगस्टात मात्र मी हट्टानं तिथे उतरले. बरोबरच्या मंडळींना कळंगुट गाठायचं होतं. ती गाडीतच बसून राहिली. मी छत्री घेऊन हुतात्मा स्मारकापाशी गेले आणि बराच वेळ तिथून हलले नाही.

15 ऑगस्ट 1955. आपलं स्वातंत्र्य तोवर आठ वर्षांचं झालं होतं, आणि इथून पुढे मात्र पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची हुकमत. ऐन पावसाळ्यात देशभरातून आलेले सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले. हाती तिरंगा, शस्त्र एकही नाही. पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या झाडल्या. सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन चालत होत्या, त्या जखमी झाल्या. पंजाबातल्या ईसडू गावचे तरुण शिक्षक करनैलसिंग बेनिपाल पुढे सरसावले आणि गोळी लागून इथेच गेले. त्या दिवशी गोव्याच्या सरहद्दींवर वीसहून अधिक माणसं मारली गेली. कुठे ईसडू आणि कुठे पत्रादेवी! ज्या मुलखाशी नात्यागोत्याचा संबंध नाही, त्याच्यासाठी एक मास्तर एवढ्या लांब मरायला आला, हे तिथे उभं राहून माझ्या मनातून जाईना.

लोक या टोकाला का आले? पोर्तुगीज अमलात परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापाव्या लागत. 1946 मध्ये तुरुंगातून नुकतेच सुटलेले राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, तेही आपल्यासारखेच विश्रांतीसाठी. लोकांची घुसमट पाहून त्यांनी 18 जूनला मडगावात मनाई मोडून सभा घेतली. अटक झाली, पण भीती मोडली. त्यानंतर पोर्तुगालनं 1951 मध्ये घटनाच बदलली. गोवा आता वसाहत नाही, आमचा सागरपार प्रांत आहे, म्हणजे सोडण्याचा प्रश्नच येत नाही! वाटाघाटीचं दार त्यांनी असं बंद केलं. मग 1955 च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पुण्याहून तुकडी घेऊन आले. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, मागून आलेल्या मधू लिमयांना बारा.

कळंगुटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गर्दी, न वाळणारे टॉवेल आणि फारच महाग जेवण.

आग्वादच्या किल्ल्यात मात्र पुन्हा जीव गुंतला. तिथल्या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय केलं आहे. आमच्या पुढचा एक घोळका गजांआड उभा राहून कैद्याचा आव आणत फोटो काढत होता, हसत होता. मला मनापासून राग आला. स्वातंत्र्यसैनिकांना इथे डांबून ठेवत असत. मला आठवण झाली ती मोहन रानड्यांची. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. मराठी शाळेत शिकवण्यासाठी गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेत शिरले. 1955 च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना थेट पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा यांनी शेवटपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम मोडून शरणागती पत्करली. आपण ती तारीख सुटकेची म्हणून पाठ करतो. रानडे मात्र त्यानंतरही सात वर्षं लिस्बनजवळच्या कोठडीत होते! सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे 1969 च्या जानेवारीत ते सुटले.

सावईवेऱ्याला मसाल्याच्या बागा पाहायला पर्यटकांच्या गाड्या भरभरून जातात. रानडे मास्तर त्याच गावात शिकवत होते. आम्हाला या खेपेला जमलं नाही, कारण मंडळींना परतायची घाई होती. तुम्ही जाणार असाल, तर बागेच्या तिकिटाआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे मास्तरांची चौकशी करा.